‘कायद्याप्रमाणे’ वारस

ब्रिटनचं नागरिकत्व घेताना आपल्यापैकी अनेकांनी राजाशी आणि त्याच्या ‘कायद्याप्रमाणे’ येणाऱ्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतली आहे. फोटोच्या गडबडीत ‘कायद्याप्रमाणे’ या शब्दाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण गादीचा सगळा हिशेब त्याच शब्दात आहे.

आपल्याकडे रागावलेला बाप वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन मुलाला बेदखल करतो. इथल्या राजाला ती सोय नाही. मृत्युपत्रात तो स्वतःचे दागिने वाटू शकेल, गादी नाही. गादी कुणाची, हे पार्लमेंट ठरवतं. १६८८ मध्ये दुसरा जेम्स देश सोडून पळाला. त्याचा तान्हा मुलगा बाजूला ठेवून गादी मुलगी मेरी आणि जावई विल्यम यांना मिळाली. पुढे १७०१ च्या कायद्याने कॅथलिक वारस वगळले गेले. म्हणूनच १७१४ मध्ये रक्ताने जवळचे पन्नासहून अधिक नातलग मागे टाकून हॅनोव्हरचा जॉर्ज राजा झाला.

मग वारसाला काढता येतं का? येतं, पण कायदा करूनच. आठव्या एडवर्डने १० डिसेंबर १९३६ रोजी राजत्यागावर सही केली, तरी तेवढ्याने भागलं नाही. दुसऱ्या दिवशी कायदा झाला, तेव्हा तो मोकळा झाला. त्याच्या होऊ शकणाऱ्या संततीचा हक्कही त्याच कायद्याने संपला. उलट २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राजे चार्ल्स यांनी धाकटे भाऊ अँड्र्यू यांची ‘राजपुत्र’ ही उपाधी काढून घेतली, पण वारसांच्या रांगेतलं त्यांचं आठवं स्थान त्यामुळे हललं नाही. उपाधी राजाच्या हातात, रांग पार्लमेंटच्या. शिवाय चार्ल्स आणखी १४ देशांचेही राजे आहेत. रांग बदलायची तर त्यांचीही संमती घ्यावी लागते.

अशी संमती मिळवूनच २०१३ चा कायदा झाला. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांत मुलगा-मुलगी भेद उरला नाही. म्हणून धाकटा लुई जन्मला तरी शार्लट त्याच्या पुढेच राहिली. राजकन्या अ‍ॅन मात्र १९५० च्या, त्यामुळे त्या धाकट्या भावांच्या मागेच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तेव्हा आधी लग्न होऊन गेलेल्या लेकी अशाच बाहेर राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी दार उघडायला २००५ उजाडावं लागलं.

दत्तकाची गोष्ट मात्र आपल्या माणसाला खटकते. १८४८ मध्ये साताऱ्याचा आणि पुढे झाशीचा दत्तक वारस डलहौसीने नामंजूर केला, राज्यं खालसा झाली. आपल्याकडे दत्तकाला शास्त्राचा आणि रिवाजाचा आधार होता. इंग्रजांच्या गादीवर मात्र आजही दत्तक मूल बसू शकत नाही.

मुलांनी विचारलं, “राजा रागावला तर युवराजाला काढून टाकेल का?” तर सांगावं, की बाप रागावेल, बोलणंही बंद करेल, पण रांगेतून काढायचं असेल तर त्यालाही पार्लमेंटचं दार ठोठवावं लागेल. आणि त्या पार्लमेंटमध्ये कोण बसणार, हे तुमचे आईबाबाही मत देऊन ठरवतात.