कारीचा कागद आणि मोबाइलमधलं पान

शिवजयंतीची १९ फेब्रुवारी ही जी तारीख आज सरकारी सुट्ट्यांच्या यादीत छापली जाते, तिच्या मुळाशी भोर तालुक्यातल्या कारी गावचा एक कागद आहे. रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे यांच्या घरात ही शकावली जपलेली होती. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ या काळातल्या घटना तिच्यात तिथीवार टिपल्या आहेत. दयाजीराव जेधे देशमुखांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि टिळकांनी १९१६ साली ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तोवर शिवजन्म शके १५४९च्या वैशाखातला मानला जात असे. जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी निघाली.

या कागदाची एक बाजू फारशी चर्चेत येत नाही. टिळकांपर्यंत पोचली ती नक्कल होती. जुन्या टिपणांवरून कुणीतरी ती उतरवून घेतली, घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ती सांभाळली, आणि म्हणून ती आपल्यापर्यंत आली. मग निव्वळ नकलेवर विद्वानांनी विश्वास का ठेवला? प्रत्येक नोंदीला शक, संवत्सर, मास आणि तिथी होती, त्यामुळे ती पडताळता येत होती. दुसरं म्हणजे, पुढे त्याच तिथीला दुजोरा देणारी स्वतंत्र साधनं मिळत गेली. तंजावरच्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकरांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी आहे, आणि राजस्थानात सापडलेल्या कुंडलीतही. मावळातलं एक घर, कावेरीकाठचा ग्रंथसंग्रह आणि मारवाडातली पत्रिका, अशा तीन दूरच्या ठिकाणी तीन नोंदी टिकल्या, म्हणून वाद मिटण्याच्या दिशेला लागला. महाराष्ट्र शासनाने ही तारीख स्वीकारली ती २००१ साली.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांवर आज जे कुणी अभ्यास करतात, त्यांचं निम्मं साधन कागदावर नाही, ते मोबाइलच्या पडद्यावर आहे. राजगडाचा अभ्यास करायचा तर युनेस्कोच्या संकेतस्थळावरची कागदपत्रं वाचावी लागतात. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत राजगड आहे. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या धरणांचे आदेश आणि पाणीसाठ्याचे आकडे, पुनर्वसनाचे शासन निर्णय, विश्वकोशातल्या नोंदी, गॅझेटिअरच्या आवृत्त्या, वर्तमानपत्रांच्या बातम्या, हे सगळं तिथेच आहे. आणि यातलं पुष्कळसं उद्या त्या पत्त्यावर नसेल.

ही भीती हवेतली नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं दिसलं, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. विकिपीडियाच्या निम्म्याहून अधिक लेखांच्या संदर्भांत किमान एक दुवा मेलेला होता. त्याआधी २०१४ साली हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतले दुवे तपासले, तर त्यांतल्या निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर उरलेलाच नव्हता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांची ही गत असेल, तर तालुक्याच्या एखाद्या सूचनापत्राची काय कथा!

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे नावं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. नाव बदललं की फलक बदलतात, शिक्के बदलतात आणि संकेतस्थळांवरची पानंही नव्या नावाखाली हलतात. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वाट ठेवण्याची काळजी प्रत्येक खातं घेतंच असं नाही. गंमत अशी, की राजगड हे तालुक्याचं नाव या मुलुखाला अगदीच नवं नाही. पंतसचिवांच्या भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. प्रचंडगड म्हणजे तोरणा. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तेव्हा सुधागड कुलाब्याकडे गेला आणि बाकीचा बराचसा मुलूख पुण्याकडे आला. त्याआधी भोरची गणना साताऱ्याच्या जहागिरींत होत असे. म्हणजे तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावाचा मागोवा घ्यायचा, तर प्रचंडगड, भोर, सातारा, पुणे, वेल्हे आणि आता राजगड एवढ्या नावांनी शोध घ्यावा लागतो. पान जतन करताना त्या दिवशी ते कोणत्या नावाखाली होतं हे टिपलं नाही, तर पन्नास वर्षांनी अभ्यासकाला ते हुडकणं फार जड जाईल.

मराठी पानांचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे, आणि त्यावर मला जरा थांबायचं आहे. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी मराठी वर्तमानपत्रांची आणि संस्थांची संकेतस्थळं आपापल्या फाँटात असत. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशी कितीतरी कुळं होती. त्या काळात कुणी मोठ्या कष्टाने पान सेव्ह करून ठेवलं असेल आणि सोबत फाँट ठेवला नसेल, तर आज तिथे निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. मजकूर आहे, पण वाचता येत नाही. अशी पानं कुणाकडे असतील तर ती टाकू नयेत. कोणता फाँट होता ते कळलं, तर परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवावी, कारण परिवर्तनात रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात.

पीडीएफ करून ठेवलं की काम झालं, असा समज आहे. पान वाचायला पीडीएफ ठीक आहे. पण देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलायला गेलं, की वेलांट्या सुटतात, जोडाक्षरं फुटतात, आणि नजरेसमोर असलेला शब्द शोधखिडकीत टाकला तर सापडत नाही. अभ्यासासाठी म्हणून जे ठेवायचं, ते पीडीएफबरोबर मूळ वेबपानाच्या रूपातही ठेवलं पाहिजे.

ते कसं? संगणकावरच्या ब्राउझरमध्ये पान ‘पूर्ण’ सेव्ह केलं, तर एक फाइल आणि तिच्या नावाचं एक फोल्डर तयार होतं. चित्रं त्या फोल्डरमध्ये असतात. पेनड्राइव्हवर फाइल घेतली आणि फोल्डर मागे राहिलं, की चित्रं गेली. म्हणून एकाच फाइलीत सगळं बांधणारा पर्याय बरा: क्रोममधला एमएचटीएमएल प्रकार, किंवा सिंगलफाइल नावाचं मोफत एक्स्टेन्शन. पुष्कळ पानांवर चित्रं आपण खाली सरकत जाऊ तशी उतरतात, तेव्हा सेव्ह करण्यापूर्वी पान तळापर्यंत सरकवून घ्यावं. नकाशाची पानं मात्र अशा रीतीने जतन होत नाहीत. दर हालचालीला ती सर्व्हरकडून नवे तुकडे मागवतात. तिथे पडद्याचं चित्रच काढून घ्यावं आणि कोणत्या गावाचा, कोणत्या गटाचा भाग आहे ते फाइलीच्या नावात लिहावं.

आणि परीक्षा एकच. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि जतन केलेलं पान उघडून पाहायचं. उघडलं तर ते आपलं. केळद, घोळ किंवा हिर्डोशीच्या बाजूला जाणाऱ्या अभ्यासकाने ही परीक्षा घरीच घ्यावी. त्या खोऱ्यांत रेंजचा भरवसा नसतो, आणि पावसाळ्यात वीजही वाऱ्यापावसाच्या मर्जीवर असते. गडावरच्या एखाद्या पाण्याच्या टाक्यासमोर उभं राहून जुनं वर्णन ताडून पाहायचं असतं, आणि तेव्हाच पडद्यावर गोल फिरत राहतो. त्या क्षणाला ‘वाचलं होतं कुठेतरी’ एवढंच हाती उरतं.

विद्यार्थ्यांसाठी याहून सोपी वाट आहे. २००७ साली सुरू झालेल्या किविक्स या मोफत ॲपमध्ये सबंध मराठी विकिपीडिया एका फाइलीत उतरवून घेता येतो. एकदा भोरच्या बाजारपेठेत चांगली रेंज असताना तो घेतला, की पुढे इंटरनेट लागत नाही. शिक्षकाने आपल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला तर वर्गातले बाकीचे फोनही तो वाचू शकतात. दुर्गम खोऱ्यातल्या शाळेला हे फार मोलाचं आहे आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही.

घरात ठेवलेली प्रत आपल्या उपयोगाची, पण लोकांना दाखवायला ती पुरेशी नसते. तुम्हीच फाइल बदलली नाही कशावरून, असा प्रश्न कुणीही विचारू शकतो. इथे इंटरनेट आर्काइव्हची मदत होते. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत ही संस्था सुरू केली. तिच्या वेबॅक मशीनमध्ये कुणीही पत्ता टाकून पान जतन करवू शकतो. जतन झालेल्या पानाच्या नव्या पत्त्यात चौदा आकडे येतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. वेळ जागतिक प्रमाणवेळेची असते, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे. शकावलीतल्या तिथीचं काम हे चौदा आकडे करतात. शासन निर्णय उतरवताना शेवटी दिलेला संगणक संकेतांकही टिपून ठेवावा. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी त्या आकड्यावरून निर्णय शोधता येतो.

पण सगळा भार त्या एका संस्थेवर टाकणंही बरं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि संकेतस्थळ काही दिवस बंद पडलं. त्याआधी एक वर्ष, ऑक्टोबर २०२३ मध्ये, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर हल्ला झाला, आणि ब्रिटनचा राष्ट्रीय वेब-संग्रह दीर्घकाळ वाचकांना मिळेनासा झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ साली ग्रंथालयांसाठी एक प्रकल्प सुरू केला, त्याचं तत्त्वच मुळी हे आहे की वस्तू सुरक्षित राहते ती पुष्कळ ठिकाणच्या पुष्कळ प्रतींमुळे. कारी, तंजावर आणि मारवाड यांनी ते आधीच सिद्ध केलं होतं.

आपल्या देशात ही जबाबदारी कायद्याने कुणावर आहे? १९५४च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देणं प्रकाशकावर बंधनकारक आहे, १९५६पासून वर्तमानपत्रांनाही ते लागू झालं. वेबपानांना हा कायदा पुरत नाही. ब्रिटनने २०१३ साली नियम करून आपल्या ग्रंथालयांना देशातली वेबपानं जतन करण्याचा अधिकार दिला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर १९९६ सालीच काम सुरू केलं होतं. आपल्याकडे असा नियम होईल तेव्हा होवो, तोवर पान जातंच आहे. खाजगी अभ्यासासाठी प्रत ठेवायला आपला १९५७चा कॉपीराइट कायदा मोकळीक देतो. कलम ५२ मध्ये खाजगी वापर आणि संशोधन यांसाठी वाजवी उपयोगाची तरतूद आहे. ती प्रत पुन्हा जगासमोर मांडणं मात्र निराळं, तिथे लेखकाची परवानगी हवी. सातबारा, लाभार्थी याद्या, पुनर्वसनाचे तक्ते यांत माणसांची नावं आणि जमिनी असतात. त्या प्रती जपाव्यात, पण व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवू नयेत.

माझं मत असं आहे, की हे काम पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांची वाट पाहत थांबू नये. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. साधनं जमवणं आधी होतं, संस्था नंतर आली. आणि राजवाड्यांना जे कागद मिळाले, ते कुठल्या ना कुठल्या घराने आधी जपलेले होते. गुंजण मावळातलं गाव आपल्या धरणाची अधिसूचना आणि आपल्या गडाची बातमी स्वतः जपणार नसेल, तर ती दुसऱ्या कुणाच्या लेखी महत्त्वाची ठरेल असं मानायला आधार नाही.

म्हणून भोर-वेल्ह्यातल्या वाचकांना, शिक्षकांना आणि ग्रंथपालांना विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावासंबंधीची, गडासंबंधीची, धरणासंबंधीची पानं शोधा. प्रत्येक पान एका फाइलीत उतरवा, वेबॅक मशीनमध्येही टाका, आणि एका साध्या वहीत चार रकाने आखा: पानाचं नाव, मूळ पत्ता, जतन केल्याची तारीख, जतन करणाऱ्याचं नाव. फाइलींची एक प्रत घरी ठेवा, दुसरी गावच्या वाचनालयाला किंवा शाळेला द्या, तिसरी पुण्यात किंवा परगावी असलेल्या नातेवाइकाकडे पाठवा. वर्षातून एकदा तिन्ही प्रती उघडून पाहा, जी उघडणार नाही ती दुसरीवरून पुन्हा करून घ्या. आणि गावात कुणाकडे जुन्या फाँटातली पानं भरलेली सीडी किंवा बंद पडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क पडून असेल, तर ती भंगारात जाण्यापूर्वी मागून घ्या.