खिळा नसलेली चप्पल

विदर्भातल्या एका मिशन हॉस्पिटलात, ड्रेसिंगच्या खोलीला लागून, चपला बनवण्याची खोली आहे. संपादकांनी मला पाठवलं होतं ते कुष्ठसेवेच्या इतिहासावर लिहायला. तो इतिहास मोठा आहे. वेलस्ली बेली या आयरिश शिक्षकानं १८६९ मध्ये अंबाल्याला कुष्ठरुग्णांची वस्ती पाहिली, १८७४ मध्ये त्यांच्यासाठी मिशन काढलं, आणि पुढं देशभर आश्रम व दवाखाने उभे राहिले. पण चपलांच्या खोलीत जाऊन बसलो आणि तिथून उठवेना.

कारागीर साठीला टेकलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांच्यापुढं काळ्या रबराचा जाड तक्ता होता. त्यांनी त्याचा कोपरा चिमटीत दाबला. रबर निम्म्यावर आलं आणि सोडल्याबरोबर पुन्हा फुललं. "हे चालते," भाऊ म्हणाले. दुसऱ्या गठ्ठ्यातला तुकडा दाबला, तो दबला तो दबलेलाच राहिला. तो बाजूला गेला. रबराचा कडकपणा 'शोअर'मध्ये मोजतात आणि या चपलेच्या रबराला तो साधारण १५ लागतो. त्याहून कडक असेल तर तळव्याला सोसत नाही, फार मऊ असेल तर माणसाच्या वजनाखाली बसून जातं. मापाचं यंत्र असतं, पण भाऊंच्या बोटांत ते माप मुरलंय.

एवढी काळजी कशासाठी, ते कळायला कुष्ठरोग पायाचं काय करतो हे बघावं लागतं. त्याचे जंतू शरीराच्या थंड भागातल्या नसांवर हल्ला करतात. हातापायांच्या नसा त्यात आधी सापडतात. पाय बधिर होतो. आपण लांब चाललो की चवडा दुखायला लागतो आणि आपण नकळत वजन टाचेवर घेतो, चाल बदलतो, कुठं तरी बसतो. बधिर पाय असं काही सांगत नाही. एकाच जागी हजारो वेळा भार पडतो, आतलं मांस चेचलं जातं आणि एक दिवस व्रण फुटतो. काटा रुतला तरी माणूस तसाच घरापर्यंत चालत येतो.

शतकानुशतकं लोक समजत आले की या रोगात बोटं आपोआप सडून झडतात. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ मध्ये जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि या समजुतीच्या मागे लागले. कोठाराचं गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना, तेव्हा एका कोवळ्या रुग्ण मुलानं पुढं होऊन किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, पण मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. अशा एकेक जखमेचा माग काढत ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती बहुतेक वेळा वेदना नसल्यामुळं होणाऱ्या इजांनी, म्हणजे ती वाचवता येतात. त्यांनी स्नायूबंध हलवून वाकडी बोटं सरळ केली आणि तितक्याच जिद्दीनं पादत्राणांचे प्रयोग केले. त्या कामाला १९५५ मध्ये सुरू झालेल्या करिगिरीच्या कुष्ठरोग केंद्राची जोड मिळाली. दवाखान्यांत आज 'एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल' म्हणतात ती या परंपरेतली.

चप्पल दिसायला अगदी साधी. आत मऊ रबर, खाली काटा आत येऊ नये म्हणून कडक तळ, वर रुंद पट्टे आणि मागं टाचेला पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी समजत नाही. अंगठ्याला धरणारी पट्टी नसते. आणि खिळा एकही नाही. सोल्युशननं चिकटवायचं, शिवायचं. झिजलेल्या तळातून खिळा वर आला तर त्या माणसाला तो कळणार नाही.

दुपारी एक आजी आल्या, कापूस वेचायला जाणाऱ्या. भाऊ खाली बुटक्या स्टुलावर बसले आणि त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला. अंगठा दाबत दाबत चवडा तपासला. बोटांच्या मुळाशी कातडी जाड झाली होती, तिथं बोट थांबलं. कागदावर पायाचा ठसा घेतला. भार जास्त तिथं शाई गडद उठते. मग रापीनं त्या जागी रबर कोरून काढलं, हाताला कुठं धार लागत नाही असं.

येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला आणि शेवटच्या जेवणाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. तो मजकूर या खोलीत रोजचं काम झालाय. सकाळी प्रार्थना होते, नंतर दिवसभर पाय. येणारे बहुतेक हिंदू, बौद्ध, आदिवासी. त्यांचा धर्म कुणी विचारत नाही, चप्पल झिजली का ते विचारतात. ज्या पायाकडं घरची माणसं बघत नाहीत तो मांडीवर घेणं, याहून मोठी उपासना मला तरी ठाऊक नाही.

आजींची जुनी चप्पल जवळजवळ नवी होती. भाऊंनी विचारलं, "काहून घालत नाही माय?"

"लगनाले घालून गेली तं सारे पायाकडंच पाहतात."

अडचणींचं मूळ इथं आहे. काळं रबर आणि ते रुंद पट्टे गावाला ओळखीचे झालेत. पाय वाचवणारी वस्तू रोगाची चुगली करते, म्हणून ती घरी राहते आणि आजी अनवाणी जातात. ती घालणाऱ्यांचंही घरात पाऊल टाकताना, देवळात, चिखलाच्या शेतात चप्पल काढणं सुटत नाही. शिवाय रोजच्या वापरात रबर काही महिन्यांत बसतं, मग नवा जोड हवा. सरकारी कार्यक्रमात या चपला मोफत मिळतात, पण ठरलेल्या नंबरांत. बोटं आखडलेल्या, घोटा वळलेल्या पायाला ठरलेला नंबर चालत नाही.

डिसेंबर २००५ अखेर देशात दहा हजारांमागं एकाहून कमी रुग्ण उरले. बहुविध औषधोपचारानं रोग बरा होतो, हे खरंच मोठं यश आहे. पण औषध जंतू मारतं, मेलेली नस परत आणत नाही. औषध संपलेला माणूस नोंदीतून वगळला जातो आणि त्याचा बधिर पाय पुढची तीस वर्षं चालत राहतो. अजूनही दरवर्षी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. रोग 'संपला' म्हटल्यावर देणग्या आटतात, आणि पाय पाहून रबर कोरणारा माणूस कुठल्या खात्यात बसवायचा हा प्रश्न उरतो.

हेच रबर आता शहरांतल्या दुकानांत मधुमेहाच्या चपलांत दिसतं, तपकिरी, निळ्या रंगांत, बकल लावून. ती घालताना कुणाला लाज वाटत नाही. भाऊंनी तपकिरी रेक्झिन मागवून ठेवलंय. आजींचे पट्टे त्यांनी त्याचेच कापले आणि टाचेचा पट्टा साडीखाली झाकेल इतका अरुंद ठेवला, तरी निसटणार नाही असा. भाऊंना यावर्षी निवृत्त व्हायचं आहे. त्यांच्या हाताखाली शिकायला दोन पोरं आली होती. पगार ऐकून गेली.