आधी पाणी, मग पातं

तो मुलगा परभणीकडचा, बारावीचा. गेल्या जुलैत ट्यूशनच्या गल्लीतून चालत आला आणि माझ्या खुर्चीत बसला. उकाडा असूनही शर्टाचं वरचं बटन लावलेलं. गळ्याला कापड बांधायचं म्हणून मी ते काढायला सांगितलं, तेव्हा गळ्याच्या घाटीपासून जबड्याखालपर्यंत लाल पुटकुळ्या दिसल्या. काहींच्या टोकाला पू धरला होता.

"काका, मला इथलं पाणी मानवत नाही वाटतं," तो म्हणाला.

मी विचारलं, दाढी कोण करतं? स्वतःच, रूमवर. रेझर कुणाचा? तिघांत एक. ब्लेड कधी बदललं? आठवेना. कशी करतोस? आंघोळीच्या आधी, तोंडावर गार पाण्याचा हात फिरवून, खालून वर, चटकन. पावणेसातला क्लास असतो.

लातूरला शिकायला आलेली अशी पोरं दरवर्षी माझ्याकडे येतात. घरी वडिलांनी किंवा गावच्या न्हाव्याने दाढी केलेली असते, इथे पहिल्यांदा एकट्याने हातात रेझर येतो आणि तो कसा धरायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. चेहरा खराब झाला म्हणून वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणारा मुलगा मी पाहिला आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

गंजगोलाईजवळ माझं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. त्याआधी आमचे अण्णा औसा तालुक्यातल्या तीन गावांत बलुत्यावर होते. धोकटीत वस्तरा, कैची, नराणी, चामड्याचा पट्टा आणि एक पितळी वाटी. साबण नसायचा. वाटीत पाणी घेऊन ते बोटांच्या पेरांनी गिऱ्हाइकाचे गाल, हनुवटी, गळा चोळत राहायचे. समोरच्याचं पावसापाण्याचं, सोयरिकीचं बोलणं चाललेलं असायचं आणि अण्णांची बोटं थांबायची नाहीत. मला लहानपणी वाटायचं, एवढा वेळ का घालवतात? एकदा विचारलं तर म्हणाले, "केस भिजू दे. आधी पाणी, मग पातं." यापलीकडे त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही.

त्याचा अर्थ मला पुरता कळला तो २०१६ च्या उन्हाळ्यात. मांजरा धरण आटलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीला ५ लाख लिटर, आणि ते बघायला लोक स्टेशनवर गेले होते. माझ्या दुकानाला दिवसाला दोन घागरी मिळायच्या, त्याही विकतच्या. त्या पुरवायच्या म्हणून मी फवाऱ्याच्या बाटलीने तोंडावर दोन पिचकाऱ्या मारायचो, क्रीम लावायचो आणि लगेच ब्लेड चालवायचो.

आठ-पंधरा दिवसांत जुनी माणसं तक्रार करायला लागली. "मामा, घरी जाईपर्यंत तोंडाची आग होते." "मानेवर पुरळ उठलं." मी ब्लेडची कंपनी बदलली, क्रीम बदललं, उन्हाला दोष दिला. फरक पडेना. शेवटी एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, मी स्वतःच्याच एका गालावर अण्णांसारखं पाणी चोळलं आणि दुसऱ्यावर नुसत्या पिचकाऱ्या मारल्या. दुसऱ्या गालावर पातं अडत होतं, हाताला कळत होतं. संध्याकाळी तोच गाल चुरचुरला.

दाढीचा केस डोक्याच्या केसापेक्षा जाड आणि राठ असतो. कोरडा असला की पात्याला चांगला विरोध करतो. पाणी शिरलं की फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. मात्र पाणी शिरायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि चेहऱ्यावर तेल-घाम असेल तर ते नीट शिरतच नाही, म्हणून आधी तोंड धुवायचं. शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळतं. ज्वारीचं वाळलेलं धाट विळ्याने कापताना हिसका बसतो आणि मुळाशी माती हलते, हिरवं धाट सरकन कापलं जातं. कोरड्या केसाचा हिसका असाच मुळाशी, कातडीला बसतो.

दोन घागरींत हे जमवायचं कसं? मी एक छोटा नॅपकिन घेतला, किटलीतल्या कपभर गरम पाण्यात बुडवून पिळला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर तीन मिनिटं ठेवला. कपभर पाण्यात काम झालं. तक्रारी कमी झाल्या. आता नळाला पाणी असलं तरी मी नॅपकिन सोडलेला नाही. प्रत्येकाला वेगळा, रोज उकळून धुतलेला. घरी दाढी करणाऱ्याला याहून सोपा मार्ग आहे: आंघोळ आधी, दाढी नंतर.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे, बोअरचं पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेस होत नाही, चिकट पांढरा साका तयार होतो. तो पात्यात अडकतो आणि चेहऱ्यावर राहिला तर त्रास देतो. परभणीच्या पोराचं "पाणी मानवत नाही" हे म्हणणं म्हणूनच अगदीच खोटं नव्हतं. फेस करायला जारचं कपभर पाणी घ्यावं आणि शेवटी तोंडही त्याच पाण्याने धुवावं. एवढ्याने भागतं.

आता कातडीचं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. घरावरच्या कौलांसारख्या त्या एकमेकींवर बसलेल्या असतात आणि मधल्या फटी तेलकट पदार्थाने भरलेल्या असतात. चेहऱ्यावर या थराची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, वहीच्या कागदापेक्षा कितीतरी कमी. आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवायचं काम एवढासा थर करतो. पातं केसाबरोबर तोही थोडा खरवडून नेतं. एकदा हात फिरवला तर फार बिघडत नाही. त्याच जागी तीनदा, दाबून, फेस गेलेला असताना फिरवला की कौलं निघतात. मग ओल उडून जाते, कातडी ओढल्यासारखी होते, लाल होते, घाम लागला की झोंबते. रेझरने भाजल्यासारखं वाटतं ते हेच, आणि ते लगेच, नाहीतर तासाभरात कळतं.

पुटकुळ्यांचं कारण वेगळं आहे. त्या दोन-तीन दिवसांनी येतात. कातडी फार ताणून किंवा उलट्या हाताने केस खूप खोल कापला की त्याचं टोक कातडीच्या खाली जातं. वाढताना ते बाहेरचं तोंड चुकवून आतच घुसतं, किंवा बाहेर येऊन वळतं आणि शेजारी परत कातडीत शिरतं. शरीराला तो काटा वाटतो आणि तिथे सूज येते. केस जितका कुरळा तितका हा त्रास जास्त. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत तो इतका आढळतो, की अमेरिकेच्या हवाई दलाने २०२० मध्ये अशा सैनिकांना डॉक्टरी कारणावरून पाच वर्षांपर्यंत दाढी न करण्याची सवलत दिली. आपल्याकडेही मानेवर केस वळणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना नाव माहीत नसतं, त्रास माहीत असतो.

१९७१ साली दोन पात्यांचा रेझर बाजारात आला, मग तीन, मग पाच. यात पुढचं पातं केस थोडा ओढतं आणि मागचं तो आणखी खाली कापतं. सरळ केसाच्या माणसाचा गाल त्याने छान गुळगुळीत होतो. ज्याला पुटकुळ्या येतात त्याच्यासाठी तोच गुळगुळीतपणा मुळावर येतो. अशांना मी एका पात्याचा साधा रेझर सांगतो. तो स्वस्तही पडतो.

ब्लेड कधी बदलायचं, हा प्रश्न रोज येतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी केस कापणारं पातं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरी पात्याच्या कडेचे बारीक टवके उडत होते, विशेषतः केस तिरका आला आणि नेमकी तिथे धातूची घडण कमजोर असली तर. म्हणजे धार सारखी झिजत जात नाही, तिला खाचा पडतात, आणि त्या खाचा कातडी ओरबाडतात. चार-पाच दाढ्यांनंतर मी ब्लेड टाकून द्यायला सांगतो. त्याआधीही हाताला ओढ जाणवली तर त्याच क्षणी. आणि दुसऱ्याचं ब्लेड कधीच नाही. हिपॅटायटिस बी सारखा आजार त्यातून जाऊ शकतो. नव्वदच्या दशकात एड्सच्या भीतीने आमच्या धंद्यात वस्तरा गेला आणि प्रत्येकाला नवं अर्धं ब्लेड आलं. वस्तऱ्याला पट्ट्यावर धार देण्यातला आनंद गेला याचं मला वाईट वाटतं, पण झालं ते चांगलंच झालं.

सगळ्यात जास्त वेळ मी दिशेवर घालवतो. सगळे समजतात की दाढीचा केस वरून खाली वाढतो. गालावर बहुतेकांचा तसाच असतो. मानेवर मात्र प्रत्येकाचं शेत वेगळं नांगरलेलं. घाटीजवळ केस वर जातो, जबड्याखाली आडवा, कुणाला एका बाजूला भोवरा. दोन दिवसांची दाढी वाढू द्यावी आणि कोरड्या बोटाने चारी बाजूंनी हात फिरवावा. ज्या बाजूला बोट सरकतं ती केसाची बाजू, जिथे टोचतं ती उलटी. पहिला हात केसाच्या बाजूने. आणखी साफ हवी असेल तर पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात मी मानेवर कुणालाच मारत नाही. "मामा, एकदा उलटी काढा, लग्नाला जायचंय" म्हणून हट्ट करणारे येतात, काही रागावून शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देतो. त्यांची मान चौथ्या दिवशी कशी दिसेल ते मला माहीत असतं.

त्या मुलाच्या गळ्यावर मी ब्लेड लावलं नाही. मशीनला एक नंबर लावून केस बारीक केले आणि तीन आठवडे रेझर बंद ठेवायला सांगितलं. मग काजळाच्या पेन्सिलने त्याच्या मानेवर केसांच्या दिशेने बाण काढले आणि त्याच्याच मोबाइलवर फोटो काढून दिला. पू वाढला किंवा पुटकुळ्यांच्या कडक गाठी व्हायला लागल्या तर सरळ सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरकडे जा, हेही सांगितलं. खाजणारं गोल चकंदळ असेल तर ते गजकर्ण असू शकतं. तशा चेहऱ्याला मी हात लावत नाही, डॉक्टरकडेच पाठवतो.

निघताना त्याने खिशातून एक ट्यूब काढून दाखवली, मेडिकलवाल्याने दिलेली. क्लोबेटासोल. हे तीव्र स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत लाली जाते म्हणून पोरांना ते औषध वाटतं. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसतात, मुरमं येतात, आणि बंद केलं की आधीपेक्षा जास्त आग. असा चेहरा मला ब्लेड लावताच कळतो, ओल्या कागदासारखी कातडी सरकते. डॉक्टरने सांगितल्याशिवाय ही ट्यूब चेहऱ्याला लावू नका, हे मी हात जोडून सांगतो.

तुरटीबद्दल माझं मत चांगलं आहे. ती पेशींतली प्रथिनं आकसवते, त्यामुळे बारीक काप मिटतो आणि रक्त थांबतं. पण दुकानातला एकच खडा सगळ्यांच्या तोंडावर फिरवणं चूक. मी तुरटी दळून ठेवतो आणि लागलीच तर कापसाने टिपतो. रोज सगळ्या तोंडाला चोळली तर ती कातडी कोरडी करते.

आफ्टरशेव्ह झोंबलं की जंतू मेले, ही समजूत मात्र जावी. आपल्या कातडीत उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. मिरचीने भाजल्यासारखं वाटतं ते त्याच्याचमुळे. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एरवी तो ४२-४३ अंशांच्या पुढे जागा होतो. अल्कोहोल लागलं की ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते, आणि तेवढी ऊब आपल्या अंगात असतेच. म्हणजे आपलीच ऊब आपल्याला चटका वाटते. खरवडलेल्या कातडीला वर हा त्रास, शिवाय अल्कोहोल तिला आणखी सुकवतं. मी गार पाण्याचा नॅपकिन ठेवतो, टिपून घेतो, घासत नाही, आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावतो. ज्याला मुरमं येतात त्याने खोबरेल तेल टाळावं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. वरचं बटन उघडं होतं. गळ्यावर दोन जुने काळपट डाग सोडले तर काही नव्हतं. दाढी आता आंघोळीनंतर, एक दिवसाआड, स्वतःच्या रेझरने. मागे त्याचे दोन्ही रूममेट उभे होते. त्याने माझ्या टेबलावरची काजळाची पेन्सिल उचलली आणि म्हणाला, "काका, यांचे पण बाण काढून द्या."