हार्ट फेल्युअर : घरच्या घरी देखरेख

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडत नाही. त्याची ताकद कमी होते आणि अंगात पाणी साठतं. धाप लागण्याआधीच हे पाणी बहुधा वजनकाट्यावर दिसतं. म्हणून रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करून वहीत लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर डॉक्टरांना लगेच कळवावं. टेलिमॉनिटरिंगमध्ये वजन, रक्तदाब, ईसीजी घरातूनच डॉक्टरांच्या पथकापर्यंत पोचतात. जर्मनीत १,५७१ रुग्णांच्या, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा देखरेखीने मृत्यूंचं प्रमाण घटलेलं दिसलं. करमाळा, सांगोल्याहून उपचारांसाठी सोलापूर गाठणाऱ्यांनी टेलिमॉनिटरिंगबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्लाही घरबसल्या मिळतो. मिठाने अंगात पाणी साठतं, म्हणून शेंगाचटणी, लोणचं, पापडातलं मीठ सांभाळावं. अचानक धाप वाढली, तर थेट १०८ला फोन करावा.