दिवेलागणीची चितळं

‘दिवेलागणीच्या आत घरात ये’ हे ऐकतच आपण मोठ्या झालो ना? आणि चितळं मोकळ्या गवतावर येतात ती नेमकी त्याच वेळी! आमचं घर गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या शेतात. आधी मी कॅमेरा उचलला की सासूबाई देवघरातून हाक मारायच्या. आता त्याच गच्चीवर खुर्ची टाकून बसतात आणि ‘‘हललीस की पळतील गं,’’ म्हणून मलाच दटावतात.

सूर्य मावळल्यावर कामापुरता उजेड जेमतेम २०-२५ मिनिटं टिकतो. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर नाहीतर कठड्यावर टेकवायचा, आयएसओ १६०० ते ३२०० ठेवायचा, लेन्सचं अॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि शटर १/६० च्या आसपास. एवढ्यात चालणारं चितळ पुसट येतं. पण चाहूल लागली की ते मान वर करून क्षणभर थबकतं. तेव्हाच बटण दाबायचं. फोटोत थोडे दाणे दिसले तर दिसू देत.

फ्लॅश मात्र नकोच. चितळाच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडही पुरतो. त्यावर झोत पडला की फोटोत नुसते दोन दिवे येतात आणि बिचाऱ्याचे डोळे दिपतात. वाघ-बिबट्याच्या रानात तो एक क्षणही महागात पडतो. आपणही त्या वेळी रानाकडे जायचं नाही; गच्चीच बरी.

तेव्हा मैत्रिणींनो, कुकर थोडा आधी लावा. ती वीस मिनिटं आपली!