हर्नियाची जाळी आणि तो परत येण्याची भीती

सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या आपल्या खानदेशी बांधवांपैकी पुष्कळांचे आयुष्य उभ्याने काम करण्यात व ओझी उचलण्यात जाते. जांघेत फुगवटी दिसू लागली, की कोणी पट्टा बांधतो, तर कोणी लाजेने गप्प बसतो. शस्त्रक्रियेचे नाव निघताच दोन प्रश्न हटकून येतात : 'पोटात जाळी कशाला ?' आणि 'हर्निया परत आला तर ?' त्यांचा येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर डोकावते, तोच हर्निया. पूर्वी ती जागा केवळ टाक्यांनी ओढून शिवीत. परंतु विरलेले कापड ताणून शिवले, तर ते पुन्हा उसवते, हे कापडाच्या या शहरात कोणास सांगावयास नको. ठिगळ लावले म्हणजे ताण पडत नाही. जाळी म्हणजे असे ठिगळच होय. तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढून ती भिंतीशी एकजीव होते. जाळीमुळे हर्निया परत येण्याचे प्रमाण घटले आहे. मात्र काहींस पुढे दुखत राहते व क्वचित जंतुसंसर्ग होतो, हेही सांगितले पाहिजे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लहान छिद्रांवाटे जाळी स्नायूंच्या मागे पसरतात. ती निदान १० × १५ सेंटिमीटर असावी व तिने हर्नियाच्या सर्व वाटा झाकाव्यात. ती अपुरी पडली, दुमडली किंवा सरकली, तर हर्निया कडेने वाट काढतो. म्हणून सरावलेल्या हातास येथे फार महत्त्व आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दोन वर्षांत हर्निया परत येण्याचे प्रमाण दुर्बिणीने १०.१ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेने ४.९ टक्के आढळले. परंतु २५० हून अधिक दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनांच्या हाती हा फरक जवळजवळ उरला नाही.

जाळी महाग तेवढी चांगली, हाही समज खरा नव्हे. आपल्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड उघड्या शस्त्रक्रियेत वापरून पाहिले व २००३ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर स्वस्त व महाग जाळीची तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थात घरची मच्छरदाणी या कामाची नव्हे. कापड कोणते व ते निर्जंतुक कसे करावे, हे तज्ज्ञांचेच काम.

तेव्हा आमची विनंती इतकीच, की डॉक्टरांस निःसंकोच विचारावे : आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या ? जाळी केवढी घालणार ? माझ्यासाठी दुर्बीण बरी की उघडी शस्त्रक्रिया ? आणि फुगवटी कडक होऊन दुखू लागली, आत जाईना व उलट्या सुरू झाल्या, तर पट्ट्याच्या भरवशावर न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे झालेला विलंब जिवावर बेततो.