गांवच्या दप्तराची नोकरी : तिची वाट, तिचें शिक्षण व तिची किंमत

आपल्या मुलांपैकीं एकानें शेती सांभाळावी व एकानें सरकारी दप्तरांत जावें, अशी इच्छा बहुतेक खातेदारांच्या घरीं असते. आणि ती गैर नाहीं. सातबाऱ्यावरील एक ओळ चुकली तर ती दुरुस्त करण्यास कचेरीचे किती खेटे घालावे लागतात, हें ज्यानें सोसलें आहे त्यास लेखणी आपल्याही घरांत असावी असें वाटणें साहजिक आहे. परंतु या नोकरींत शिरण्याची वाट कोणती, शिरल्यावर काय शिकावें लागतें आणि त्या वाटेवर घराचा किती पैसा व मुलाचीं किती वर्षें खर्च करावीं, याचा विचार आधीं करणारे थोडे. तो करतां यावा म्हणून प्रस्तुत लेखकास महसुलाच्या नोकरींत जी माहिती झाली, ती येथें संक्षेपानें देण्याचें योजिलें आहे.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. गांवचें दप्तर कुलकर्ण्याकडे आणि वसुली व बंदोबस्त पाटलाकडे असे. दोन्ही वतनें, म्हणजे बापामागें मुलाकडे जाणारीं. इतरांच्या मुलांस शिकूनही तेथें वाव नसे. लिहिणाऱ्यांच्या हातून निरक्षर शेतकरी कसा नाडला जातो, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत मांडलें. करवीर संस्थानांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें गेलीं, आणि महाराष्ट्रांत १९६२ च्या कायद्यानें महसुली पाटलाचें पदही गेलें. दप्तर आतां जन्मानें मिळत नाहीं, परीक्षेनें मिळतें. दार सर्वांस उघडलें; त्याबरोबर दारापुढें गर्दीही झाली.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गांवांत दिसणारे दोन नोकर दोन निराळ्या खात्यांचे आहेत. तलाठी महसूल खात्याचा. त्याच्यावर मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार व तहसीलदार अशी चढती ओळ आहे. जमिनीच्या हक्कांची नोंद, फेरफार व वसुली हीं त्याचीं कामें. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. त्याच्यावर पंचायत समितीचा गट विकास अधिकारी. ग्रामपंचायतीचा हिशेब, घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूची नोंद व ग्रामसभेचें इतिवृत्त त्याच्याकडे. ही दुसरी व्यवस्था ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या व जिल्हा परिषदांच्या १९६१ च्या कायद्यांवर उभी आहे. शासनानें अलीकडे तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी व ग्रामसेवकास ग्रामपंचायत अधिकारी अशीं नांवें दिलीं आहेत. नांवें नवीं असलीं तरी दप्तर तेंच आहे. म्हणून येथें रूढ नांवेंच वापरलीं आहेत.

आतां प्रवेशाच्या अटी. तलाठ्याच्या जागेस पदवी लागते, मग ती कोणत्याही शाखेची असो. परीक्षा संगणकावर होते. २०२३ सालच्या भरतींत शंभर प्रश्नांस दोनशें गुण होते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणितासह बौद्धिक चाचणी या चार विषयांस सारखा वाटा होता. ग्रामसेवकास पदवीचीच अट नाहीं. बारावीस साठ टक्के गुण मिळविणारा, किंवा कृषि अथवा अभियांत्रिकी पदविका घेतलेला मुलगाही तेथें अर्ज करूं शकतो. मात्र पहिलीं तीन वर्षें ठराविक मानधनावर काढावीं लागतात, आणि काम समाधानकारक ठरल्यावर नियमित वेतन सुरू होतें. कचेरींतील लिपिक-टंकलेखकास पदवीखेरीज टंकलेखनाचें सरकारी प्रमाणपत्र हवें. मिनिटास मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द. तहसीलदार, गट विकास अधिकारी व नगरपरिषदेचा मुख्याधिकारी यांच्या थेट नेमणुका महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंतून होतात.

नेमणुकीचा हुकूम हातीं आला कीं शिक्षण संपलें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. तलाठी व महसुली लिपिक यांस ठरलेल्या मुदतींत दुय्यम सेवा परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें. पुढें मंडळ अधिकारी किंवा अव्वल कारकून होण्यासाठीं महसूल अर्हता परीक्षा आहे. १९६६ चा जमीन महसूल अधिनियम, कुळकायदा व कचेरीचे हिशेबाचे नियम यांचा अभ्यास नोकरी सांभाळून करावा लागतो. जो या परीक्षा मुदतींत उतरतो तो कालांतरानें नायब तहसीलदारापर्यंत चढूं शकतो; जो टाळाटाळ करतो त्याची ज्येष्ठता मागें पडते आणि त्याच्यामागून आलेले पुढें जातात. अधिकाऱ्यांचे व इतर सेवकांचे वर्ग पुण्याच्या 'यशदा' या संस्थेंत भरतात. नगरपालिकेच्या नोकरांसाठीं १९२६ सालीं मुंबईंत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था पदविकेचे व स्वच्छता निरीक्षकाचे अभ्यासक्रम चालविते.

या शिक्षणांत शेतकऱ्याच्या मुलास एक उपजत सोय आहे. पोटखराबा म्हणजे काय, पोटहिस्सा कसा पडतो, बांधाचा तंटा कोठून उपजतो, हें शहरी मुलास पुस्तकांतून शिकावें लागतें. आपल्या मुलानें तें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. म्हणून मुलगा दहावींत असतांच त्याच्या हातीं घरचा सातबारा, आठ-अ व जुने फेरफार द्यावे आणि कोणती नोंद कशावरून झाली हें त्याच्याकडून वाचून घ्यावें. ग्रामसभेसही त्यास सोबत न्यावें. नोकरी मिळाली नाहीं तरी हें ज्ञान वायां जाणार नाहीं.

आतां किंमतीचा विचार. २०२३ सालीं तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक; म्हणजे एका जागेमागें दोनशेंहून अधिक उमेदवार. खुल्या वर्गास वयाची मर्यादा सामान्यतः ३८ वर्षें व मागासवर्गीयांस ४३ आहे. कायदा दार इतका काळ उघडें ठेवतो म्हणून तेथें इतका काळ उभें राहावें असें नव्हे. पुण्यास खोली घेऊन, खानावळ व शिकवणीची फी भरून मुलगा आठ-दहा वर्षें अभ्यास करतो. इकडे बापाची पाठ वांकते आणि विहिरीचें काम राहून जातें. शेवटीं मुलगा घरीं येतो तो ना दप्तराचा, ना शेताचा. हें नुकसान कोणत्याही वहींत लिहिलें जात नाहीं, म्हणून तें दिसत नाहीं.

यास्तव चार गोष्टी घरांत बसून आधींच ठरवाव्या. पहिली, पदवीनंतर किती वर्षें द्यावयाचीं तें. तीन पुरेत, असें लेखकाचें मत आहे. दुसरी, या खर्चासाठीं जमीन विकूं किंवा गहाण ठेवूं नये. तिसरी, 'जागा करून देतों' म्हणणाऱ्या मध्यस्थास एक पैसाही देऊं नये. तो पैसा जातो आणि प्रसंगीं मुलावर फौजदारी येते. चौथी, शिक्षण असें निवडावें कीं जें दोहों बाजूंस उपयोगी पडेल. कृषि पदविका ग्रामसेवकाच्या जागेसही चालते आणि स्वतःच्या बागाइतासही.

ज्यास गांव सोडावयाचा नाहीं त्यासही वाट आहे. पोलीस पाटलाचें पद गांवच्याच रहिवाशास मिळतें. वय २५ ते ४५ व शिक्षण दहावी एवढें असलें तर तो परीक्षेस बसूं शकतो, आणि शेती सांभाळून तें काम करतां येतें.

तात्पर्य, मुलास दप्तराकडे अवश्य पाठवावें, परंतु मुदत ठरवून पाठवावें, आणि परतीची वाट शेतांतून मोकळी ठेवावी. जमीन राखून जो परीक्षेस बसतो तो हरला तरी उघड्यावर पडत नाहीं.